केमिस्ट्री घेऊन समुद्राकडे: नाशिकच्या बीएस्सीवाल्यांसाठी

आपल्याकडे केमिस्ट्रीत बीएस्सी झालं की सातपूर-अंबडच्या कंपनीत क्यूसी, नाहीतर एमएस्सी आणि बीएड, एवढंच सांगितलं जातं. मी समुद्री जीवांच्या कवचांतून जुनं हवामान शोधण्याच्या कामाकडे वळले. नाशिकला समुद्र नाही, पण या कामाला आधी रसायनशास्त्र लागतं.

फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव; कवच जेमतेम वाळूच्या कणाएवढं, कॅल्शियम कार्बोनेटचं. पाणी जितकं उबदार, तितकं त्यात मॅग्नेशियम जास्त शिरतं. कवचातल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनचं (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) प्रमाण मात्र तापमान आणि पाण्याचा खारेपणा अशा दोन्हींमुळे बदलतं. मॅग्नेशियमवरून तापमान काढून ऑक्सिजनच्या आकड्यातून त्याचा वाटा वजा केला, की पावसाची आणि नद्यांची बाजू दिसू लागते. त्र्यंबकला उगम पावणारी आपली गोदावरी बंगालच्या उपसागरात गोडं पाणी ओतते. तिथल्या कवचांत हलक्या ऑक्सिजनचा वाटा वाढतो तो अशाच पाण्यामुळे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अक्षरशः हरखून गेले होते.

माणसाच्या खुणाही याच कार्बोनेटमध्ये असतात. कोळसा आणि तेलातल्या कार्बनमध्ये कार्बन-१३ (जरा जड कार्बन) कमी, त्यामुळे औद्योगिक काळापासून प्रवाळांच्या थरांतही ते घटत गेलेलं दिसतं. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनंतर कार्बन-१४ एकदम वाढतो. पण प्रवाळातला कार्बन-१३ प्रकाश आणि अन्नानुसारही बदलतो. म्हणून एका ठिकाणच्या आलेखावरून 'हे माणसामुळेच' असं ठोकून देऊ नका, अनेक ठिकाणांचा कल बघा.

रोजचं काम चिकाटीचं. समुद्रतळाचा चिखल चाळणीवर धुवायचा, वाळवायचा, मग मायक्रोस्कोपखाली ओलसर ब्रशच्या टोकाने एकाच प्रजातीची कवचं वेचायची. कवचात चिकणमाती राहिली तर तिच्यातलं मॅग्नेशियम मिसळून तापमान खोटंच जास्त येतं, त्यामुळे स्वच्छता ही अर्धी मोजणीच समजा. मानेची काळजी घ्या, टेबलाची उंची आधी नीट करून घ्या.

गणित सोडू नका, पायथन थोडं तरी शिका. गोवा विद्यापीठात मरीन सायन्सचं एमएस्सी आहे. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा इथे या विषयावर काम चालतं. प्रोजेक्टसाठी शास्त्रज्ञांना थेट ईमेल करा, पण त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून, त्यातला नेमका प्रश्न विचारून. 'मला संशोधनात रस आहे' एवढ्याच ओळीला सहसा उत्तर येत नाही.