फलक नंतर, आधी वही

गावात युवक मंडळ काढायचं ठरलं की पहिली चर्चा नावाची होते आणि दुसरी फलकाची. माझी विनंती आहे, फलक रंगवायला अजून देऊ नका. किमान तीन महिने तयारीला ठेवा. मुलांनी नीतीनं वागावं, खरं बोलावं, दिलेला शब्द पाळावा यासाठी मंडळ काढणार असाल, तर ते कसं सुरू झालं हे मुलं पहिल्या दिवसापासून पाहत असतात. मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात हे काम करतो. कुठे चुकलो आणि काय टिकलं, ते तयारीच्या क्रमानं लिहितो आहे.

सुरुवात मोठ्या माणसांपासून करा. चार-पाच जण पुरेत, त्यांत निदान दोन बाया हव्यात. अंगणवाडीताई, आशाताई, शाळेतल्या बाई, बचत गटातली एखादी मावशी, कुणीही. या सगळ्यांनी मुलांना बोलवायच्या आधी एकदा एकत्र बसून स्वतःबद्दल खरं बोलायला हवं. ज्याच्या खिशात तंबाखूची पुडी आहे त्यानं व्यसनमुक्तीवर बोलू नये, हे सगळ्यांनाच पटतं. पण शेतातल्या सालदाराशी आपण कसं बोलतो, सुनेला घरात कसं वागवतो, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पाकीट घेतलं होतं का, हे प्रश्नही तिथेच यायला हवेत, कारण गावातल्या पोराला हे सगळं आधीच माहीत असतं. प्रत्येकानं स्वतःपुरती एक गोष्ट सोडायची किंवा धरायची ठरवावी आणि महिनाभर पाळून दाखवावी. ज्याला जमलं नाही त्यानं तसं सांगावं. आमच्यातल्या एका आबांनी महिन्यानंतर सांगितलं, "मिसरी सुटली नाही, मी मंडळात नको." त्यांना आम्ही हिशेब तपासायचं काम दिलं. इतकं सरळ सांगणारा माणूस त्या कामाला दुसरा मिळाला नसता.

अमळनेरला राहून साने गुरुजींची आठवण टाळता येत नाही. १९२४ ते १९३० या काळात ते इथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळायचे. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडायचे, अस्ताव्यस्त पडलेले कपडे आवरून ठेवायचे. त्यांनी मुलांसाठी हातानं लिहिलेलं 'छात्रालय' दैनिक चालवलं. रोज, स्वतःच्या अक्षरात. तयारीच्या यादीत यातून दोन गोष्टी उचला, एक झाडू आणि एक हस्तलिखित. महिन्याला दोन पानं मुलांनी हातानं लिहून शाळेच्या भिंतीवर लावली तरी पुष्कळ. भाषणातून जे पोचत नाही ते त्या दोन पानांतून पोचतं, कारण लिहिताना मुलाला स्वतःपाशी थांबावं लागतं.

मग मूल्यं ठरवा. प्रामाणिकपणा, सेवा, त्याग, शिस्त, राष्ट्रभक्ती असे पंधरा शब्द लिहून काढणं सोपं आहे, आम्हीही ते केलं होतं. ती यादी कुणाच्या लक्षात राहिली नाही. दुसऱ्या खेपेला वीसेक मुलामुलींना बसवलं, कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि एकच प्रश्न विचारला: गेल्या महिन्यात खोटं कुठे बोलावं लागलं? नाव लिहायचं नव्हतं. चिठ्ठ्या वाचताना खोलीत शांतता पसरली. रिचार्जसाठी वहीचे पैसे म्हणून घेतले. परीक्षेत कॉपी केली आणि घरी पेपर सोपा गेला असं सांगितलं. मित्रानं दारू प्यायली हे माहीत होतं, त्याच्या आईनं विचारलं तेव्हा माहीत नाही म्हणालो. एका चिठ्ठीत होतं, 'क्लासला उशीर झाला सांगितलं, खरं म्हणजे रस्त्यात पोरं उभी राहतात म्हणून लांबून यावं लागतं.' त्या चिठ्ठ्यांतूनच आमचे चार नियम निघाले: पैशाचा हिशेब उघडा ठेवायचा, वेळ पाळायची, मित्र अडचणीत असला की मोठ्यांपैकी एकाला सांगायचं, आणि मुलींच्या वाटेवर कुणी उभं राहायचं नाही. पाचवा मुलांनी स्वतःहून घातला: आडनाव विचारायचं नाही. आमच्या हजेरीत आजही फक्त नाव आणि वय आहे.

जागा निवडताना घाई करू नका. ज्या ओट्यावर किंवा मंदिरात गावातलं एकही घर यायला कचरत असेल, ती जागा आपली नाही. पुढाऱ्याच्या वाड्यावर तर नकोच, तिथलं पहिलं पाणी प्याल तेव्हाच मंडळ कुणाचं हे गावानं ठरवलेलं असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली सगळ्यांत बरी. मुख्याध्यापकांकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी अर्ज द्या. रविवारी किती ते किती, किल्ली कोण नेणार, कोण परत करणार, फळा-बाकांचं नुकसान झालं तर कोण भरून देणार, हे अर्जातच लिहा. दिवा, पाणी आणि स्वच्छतागृह स्वतः जाऊन पाहा. स्वच्छतागृहाला कडी नसेल तर आधी ती बसवा.

कडीचं मी मुद्दाम सांगतो आहे. पहिल्या वर्षी आमच्याकडे अकरा मुली नाव नोंदवून गेल्या आणि दुसऱ्या महिन्यात दोनच उरल्या. आम्ही समजलो, घरच्यांनी बंद केलं. अंगणवाडीताई घरोघर जाऊन आल्या तेव्हा कळलं की बैठक सातला सुटते, परतीच्या वाटेवर दोन खांबांचे दिवे बंद आहेत आणि स्वच्छतागृहाचं दार लागत नाही. बैठक सकाळी साडेआठला घेतली, कडी बसवली, ग्रामपंचायतीकडे दिव्यांचा अर्ज दिला. नऊ मुली परत आल्या. म्हणून तुमच्या यादीत असं लिहून ठेवा: प्रत्येक मुलीच्या घरी एक बाई आणि एक पुरुष असे जोडीनं जातील, आईशी आणि आजीशी बोलतील, वेळ आणि जागा सांगतील, आणि अडचण विचारून ती लिहून आणतील.

आता जबाबदारीचा भाग, यात सूट नको. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाचं पालकांच्या सहीचं संमतिपत्र घ्या. कुणाही मोठ्यानं एका मुलाला किंवा मुलीला एकट्यानं बंद खोलीत भेटायचं नाही, सहलीला जाताना दोन मोठी माणसं हवीत, मुली असतील तर त्यांतली एक बाई. मुलं विश्वास टाकू लागली की मनातलं सांगतात. "कुणाला सांगणार नाही" असं वचन त्यांना देऊ नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्यानं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून आधीच सांगून ठेवा की तुझ्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही, पण जे करीन ते तुला सांगून करीन. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हे दोन्ही भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा. फलकापेक्षा हा रंगकामाचा खर्च आधी करा.

पैशाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक मंडळं इथेच मोडतात. पहिले सहा महिने बाहेरून एक रुपयाही घेऊ नका. सभासदांची महिना दहा रुपये वर्गणी, ज्याला जमत नाही त्यानं त्याऐवजी खोली झाडायची, आणि कोण देतो, कोण झाडतो हे कुणी मोजायचं नाही. रोकड एकाकडे, वही दुसऱ्याकडे. नोंदणी नसताना सार्वजनिक कामासाठी गावात वर्गणी फिरवायची असेल तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. सहा महिने टिकलात की नोंदणीचं पाहा. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हींखालचं काम सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतं. किमान सात सभासद, उद्देशपत्र, नियमावली, जागेच्या मालकाचं संमतिपत्र आणि ओळखीची कागदपत्रं लागतात. उद्देशपत्र दुसऱ्या संस्थेचं नक्कल करू नका. नोंदणीनंतर दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो आणि कार्यकारिणी बदलली की तसं कळवावं लागतं, त्याला तयार असाल तरच पुढे जा.

आमचा खजिनदार अकरावीतला मुलगा होता. एका रविवारी त्यानं वही दाखवली, जमा आणि शिल्लक तंतोतंत जुळत होती. चारेक दिवसांनी त्याची आई भेटली आणि सहज म्हणाली, "भाऊ, पोरानं गुल्लक फोडली, मंडळाला पैसे लागले म्हणे." विचारलं तेव्हा कळलं की १७० रुपये कमी आले होते, कुठे गेले ते त्याला सापडेना, म्हणून स्वतःचे घातले. मी आधी त्याची पाठ थोपटणार होतो. मग वही उघडून आम्ही दोघं बसलो. मी म्हटलं, पैसे परत घे आणि इथे लाल शाईनं लिही: '१७० कमी, सापडले नाहीत.' तो रडायला लागला. लोक चोर म्हणतील, म्हणाला. पुढच्या रविवारी त्यानं ते सगळ्यांसमोर वाचलं. खोलीतल्या एका मुलीनं विचारलं, "मागच्या महिन्यात चेंडू आणले ते लिहिलेत का?" ते लिहिलेले नव्हते. पावती क्रीडा-पेटीत सापडली, १७० रुपयांचीच. लाल शाईची ओळ आम्ही तशीच ठेवली, खाली तारीख घालून खुलासा लिहिला. वही घ्याल तेव्हा शंभर पानी, पुठ्ठ्याची घ्या, पानांना आधीच क्रमांक घाला, आणि सोबत लाल पेन ठेवा.

कार्यक्रम जास्त आखू नका. आठवड्याला दीड तास: अर्धा तास काम, अर्धा तास खेळ, उरलेल्यात वाचन आणि बोलणं. काम म्हणजे दिसेल असं काम हवं. बसथांब्याजवळचा उकिरडा, पाणपोई, एकट्या राहणाऱ्या आजीचा किराणा. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत आणि कीर्तन रात्री करीत, तोच क्रम ठेवा. मोठ्या मुलांना एकदा तरी आनंदवनवाल्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीची माहिती द्या. मे महिन्यात १५ ते २२ तारखांना ती भरते, चंद्रपूरच्या उन्हात देशभरातली पोरं घाम गाळतात. आमच्याकडून दोघं जाऊन आले आणि परतल्यावर बोलायचे कमी, उठून काम जास्त करायचे.

खेळात कबड्डी ठेवा आणि पंच ठेवू नका. ज्याला हात लागला त्यानं स्वतः बाहेर जायचं. पहिले काही रविवार नुसती भांडणं झाली, मी पंच परत आणायच्या बेतात होतो. मग एका डावात, गुण बरोबरीत असताना, गावातला सगळ्यांत तापट पोरगा मधली रेघ ओलांडलेल्या चढाईवाल्याकडे पाहून थांबला आणि म्हणाला, "माले लागनं, भाऊ." कुणी पाहिलं नव्हतं. त्याचा संघ हरला. त्या दिवसानंतर पंचाचा विषय कुणी काढला नाही.

व्यसनाबाबत एकच सांगतो: कुणाचं नाव चारचौघांत घेऊ नका. तंबाखू सोडायची असेल त्याला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक एकट्यात द्या आणि दर आठवड्याला विचारत राहा. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, २००३ चा कायदा आहे तसा. टपरीवाला आपल्याच गावचा असतो, आधी दोन मोठ्यांनी जाऊन त्याच्याशी बोलावं, मुलांना मोर्चा घेऊन पाठवू नये. आणि आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाचं, आधीच ठरवा. खानदेशात आखाजीला पत्त्यांचे डाव बसतात, घरातली मोठी माणसंच बसतात. मुलांना "जुगार वाईट" इतकंच सांगितलं तर ती बापाकडे बघतात आणि गप्प होतात. आम्ही त्या दुपारी झोके बांधतो आणि संध्याकाळी कबड्डीचे सामने ठेवतो. डावावरून उठून बघायला येणारे बाप दरवर्षी थोडे वाढतात.

व्हॉट्सअॅप गटात मुलींचे नंबर त्यांच्या घरी विचारल्याशिवाय घालू नका, आणि गटावर फक्त वेळ व कामाची सूचना जाईल असं ठरवा.

मुहूर्त म्हणून जुलैचा एखादा रविवार धरा. पेरण्या आटोपलेल्या असतात, शाळा रुळलेल्या असतात. दिवाळीनंतर कापूस वेचणीत अर्धी मुलं शेतात असतात आणि फेब्रुवारीपासून बारावी-दहावीच्या परीक्षा, म्हणून त्या काळात बैठक महिन्यातून दोनदाच ठेवायची हेही आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर हजेरी घटली की मन खचतं.

पहिल्या दिवशी सतरंजी, माठ, पेला, दोन झाडू, क्रमांक घातलेली वही, निळं आणि लाल पेन एवढं न्या. प्रमुख पाहुणा बोलावू नका, हार-नारळ नको. मोठ्यांनी साडेआठच्या आधी पोचून खोली स्वतः झाडावी. साडेआठला जेवढी मुलं आली असतील तेवढ्यांवर सुरू करा, चार असली तरी. वहीच्या पहिल्या पानावर तारीख आणि आलेल्यांची नावं सगळ्यांत लहान मुलाकडून लिहून घ्या. दहाला सुटल्यावर खोलीला कुलूप लावा, आणि अर्जात लिहिल्याप्रमाणे किल्ली त्याच दुपारी मुख्याध्यापकांच्या घरी नेऊन द्या. सोबत दोन मुलांना न्या.