ऐकून शिकताय? मग या चुका टाळा

मुलीच्या हातातला मोबाईल काढून घेतला, खोलीत स्पीकर ठेवला, गोष्टी नि पाढे लावून दिले. आठवडा झाला आणि आईची तक्रार सुरू: "दिवसभर ऐकते हो, पण डोक्यात काही राहत नाही." मोठ्यांचंही तेच. ऑफिसला जाता-येता पॉडकास्ट ऐकायचा आणि घरी कुणी विचारलं तर विषयाच्या नावापुढे गाडी जायची नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसतं ऐकणं. माझी आजी चौथी शिकलेली, पण तिला तीसपर्यंत पाढे तर यायचेच, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढेही. बाजारात वांग्यांचा हिशोब भाजीवाल्याच्या आधी तिचा तयार. हे सगळं कानानं आलेलं, पण तिच्या वर्गात कुणी गप्प बसून ऐकत नव्हतं. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी त्याच्यामागून बेंबीच्या देठापासून ओरडायचं. 'बे त्रिक सहा, बे चोक आठ' यातलं 'चोक' एरवी बोलताना कोण वापरतं? तरी ते जिभेवर बसतं, कारण त्याला चाल आहे आणि तोंड कामाला लागलेलं आहे. म्हणून एक ओळ ऐका, बंद करा, मोठ्यानं म्हणा. पॉडकास्ट असेल तर दहा मिनिटांनी थांबवून शेजारी असेल त्याला सांगा. कुणी नसेल तर भांडी घासता घासता स्वतःलाच. सांगताना जिथे "म्हणजे ते... हे आपलं..." सुरू होईल, तिथून पुन्हा ऐका.

दुसरी चूक जरा गमतीची आहे. स्क्रीन नको म्हणून ऑडिओ, आणि तो लावायचा यूट्यूबवर, फोन समोर उभा करून! मध्येच व्हॉट्सअ‍ॅप टिंग करतं आणि बोट तिकडे जातंच. आधी डाउनलोड करा, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि पालथा ठेवा. त्याहून बरा साधा रेडिओ.

सगळंच कानानं शिकता येत नाही, हेही मान्य करायला हवं. भूमितीचं प्रमेय किंवा हृदयाचे कप्पे आकृतीशिवाय ऐकणं म्हणजे वेळ वाया घालवणं. आकड्यांचं तर विचारूच नका. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे मराठी माध्यमातल्या मुलांनाही चकवतात, आणि 'सत्तेचाळीस' ऐकून 74 लिहिणारी मुलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' म्हणायची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला! माझाही जीव जुन्या शब्दांवरच आहे, पण अडचण खोटी नव्हती. आकडे, सनावळ्या ऐकताना हाताशी कागद-पेन्सिल हवीच.

मग येते घाई. दीडपट वेगानं रोजच्या बातम्या ऐका, खुशाल. नवा विषय किंवा नवी भाषा तशी ऐकलीत तर शब्द कानावरून जातील, एवढंच. दिवसाला पाच भाग संपवण्याचा हट्टही सोडा. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीनं 'गीतरामायण' ऐकवलं ते आठवड्याला एक गाणं या बेतानं. 56 गाण्यांना वर्षाहून थोडा जास्तच काळ लागला. मधल्या दिवसांत लोक तेच गाणं गुणगुणत राहायचे. आठवड्याला एकच भाग, पण तीनदा, हा हिशोब आपल्यालाही चालेल.

आणि कान सांभाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास चालतात, 90 ला मात्र जेमतेम 4. आपण आवाज वाढवतो तो बहुतेकदा मिक्सर लागला किंवा लोकलमध्ये खडखडाट झाला म्हणून, आणि नंतर तो कमी करायचं राहूनच जातं. मिक्सर लागला की ऐकणं थांबवा. चटणी वाटून होईपर्यंत आधीचं काय ऐकलं ते आठवून बघा.