बोनव्हिलच्या मिठावर उतरण्यापूर्वी

अमेरिकेतील युटा राज्यात, वेंडोव्हर गावाजवळच्या बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर वेगाचा विक्रम एका धावेत होत नाही. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशनच्या ‘स्पीड वीक’मध्ये, म्हणजे १९४९ पासून ऑगस्टमध्ये भरत आलेल्या स्पर्धेत, पहिल्या धावेत जुना विक्रम ओलांडला की गाडी राखीव आवारात ठेवली जाते, दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा धावते आणि दोन्ही धावांची सरासरी विक्रम म्हणून नोंदली जाते. मोटरसायकल खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या विक्रमासाठी तर दोन तासांच्या आत उलट दिशेने दुसरी धाव पूर्ण करावी लागते. विक्रमासाठी स्वतः मोटरसायकल घडवू पाहणाऱ्याने तयारीची सुरुवात या एका गोष्टीपासून करावी, कारण पहिल्या धावेत सगळे काही देऊन टाकणारी आणि दुसऱ्या धावेला उभी न राहणारी गाडी तेथे काहीच मिळवत नाही.

त्यामुळे सर्वांत आधी पाना हाती न घेता नियमपुस्तिका हाती घ्यावी. वर्ग तीन गोष्टींवरून ठरतो: फ्रेम मूळ कारखान्याची आहे, बदललेली आहे की नव्याने घडवलेली आहे, फेअरिंग, म्हणजे हवा कापणारे बाहेरचे कवच, आहे की नाही, आणि इंजिन किती सीसीचे, कोणत्या प्रकारचे व कोणत्या इंधनावर चालणारे आहे. आपल्या वर्गातील सध्याचा विक्रम कागदावर लिहून भिंतीला चिकटवावा आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्या आकड्याशी ताडून पाहावा. फ्रेममध्ये एक जोड जास्त कापला तर गाडी नकळत वरच्या वर्गात जाते आणि तेथील विक्रम ताशी तीस मैलांनी मोठा असू शकतो. कापण्यापूर्वी शंका असेल तर आयोजकांच्या तांत्रिक समितीला छायाचित्रासह लेखी विचारावे आणि आलेले उत्तर फाइलमध्ये जपून ठेवावे.

वर्ग ठरला की हवेचा हिशोब मांडावा. हवा कापण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर शक्ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढवावी लागते. स्वार टाकीवर पूर्ण वाकला आहे, पण फेअरिंग नाही, अशा गाडीचे ओढक्षेत्र (समोरून दिसणारे क्षेत्र आणि आकाराचा हवेला होणारा विरोध यांचा गुणाकार) मी ०.३५ चौरस मीटर धरतो. ताशी २४० किलोमीटरला तिला बोनव्हिलच्या विरळ हवेतही केवळ हवेसाठी चाकावर साधारण ६५ ते ७० अश्वशक्ती लागते. तेच क्षेत्र ०.२५ वर आणले तर काम पन्नासच्या आत भागते. म्हणून हातात मोजका पैसा असेल तर तो आधी फेअरिंग, सीटमागची शेपटी आणि स्वाराच्या बसण्यावर खर्च करावा, इंजिनावर नंतर, असे माझे ठाम मत आहे. फेअरिंग बनवताना एक नियम मात्र डोळ्यांसमोर ठेवावा: अर्धफेअरिंगच्या वर्गात दोन्ही बाजूंनी आणि वरून पाहिल्यास स्वार पूर्ण दिसला पाहिजे, फक्त हात आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग झाकलेला चालतो. स्वाराला प्रत्यक्ष गाडीवर बसवून, चामडी पोशाख आणि हेल्मेट घालूनच साचा घ्यावा, कारण साध्या कपड्यांत घेतलेला साचा पोशाख चढवल्यावर पाठीशी अडतो.

फ्रेमच्या बाबतीत बाणाचा दाखला पुरेसा आहे. बाणाचे टोक जड आणि पिसे मागे असतात म्हणून तो सरळ जातो. तसेच गाडीचा गुरुत्वमध्य पुढे असावा आणि आडव्या वाऱ्याचा दाब त्याच्या मागे पडावा. पुढच्या बाजूला मोठे सपाट पत्रे लावलेली गाडी कारखान्यात देखणी दिसते, पण मैदानावर आडव्या वाऱ्याचा झोत आला की तिचे नाक वाऱ्यासोबत वळते. स्विंगआर्म, म्हणजे मागचे चाक धरणारा दांडा, लांब केला की गाडी सरळ राहण्यास मदत होते, मात्र वजन मागे सरकू नये म्हणून शिशाच्या पट्ट्या खाली आणि पुढे बोल्टने घट्ट बसवाव्यात. येथे वजनाची फार भीती बाळगू नये; वेग गाठायला मैलच्या मैल अंतर असते आणि मिठावर पकड कमी असल्याने थोडा जादा भार उपयोगीच पडतो. हँडलची थरथर शोषणारा स्टीअरिंग डॅम्पर चांगल्या प्रतीचा असावा आणि हँडल दोन्ही टोकांना वळवले असता बोटे फेअरिंगला किंवा टाकीला चिकटत नाहीत हे पाहावे. शेवटी दोन्ही चाकांच्या बाजूने दोरा ताणून चाके एका रेषेत आहेत याची खात्री करावी. चेनच्या ताणाच्या खुणांवर विसंबू नये, कारण लांब केलेल्या स्विंगआर्मवर त्या खुणा अर्थ गमावून बसतात.

गिअरिंगवर, म्हणजे मागचे चाक एकदा फिरायला इंजिनाचे किती फेरे लागावेत या गुणोत्तरावर, मात्र सावकाश बसून विचार करावा, कारण बोनव्हिलला पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण येथेच चुकतात. समजा मागच्या टायरचा घेर दोन मीटर आहे आणि वेग ताशी २४० किलोमीटर हवा आहे. म्हणजे चाक मिनिटाला दोन हजार वेळा फिरेल आणि इंजिन आठ हजारांवर सर्वाधिक शक्ती देत असेल तर एकूण गुणोत्तर ४ हवे, इतके सोपे दिसते. पण मिठावर मागचे चाक घसरत घसरत धावते. ८ टक्के घसरण धरली तर तेवढाच वेग गाठायला चाकाला मिनिटाला २,१६० फेरे घ्यावे लागतात आणि ४ च्या गुणोत्तरावर इंजिन ८,६४० वर जाते, म्हणजे शक्तीचे शिखर ओलांडून उतारावर. आठ हजारांवरच थांबायचे तर गुणोत्तर सुमारे ३.७ करावे लागेल. घसरण किती होईल हे त्या दिवशीच्या मिठावर अवलंबून असते, आणि सकाळचे ओलसर मीठ व दुपारचे सुकलेले मीठ यांत पुष्कळ फरक पडतो. म्हणून मागचे निदान चार आणि पुढचे दोन स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाके) जवळ ठेवावेत, प्रत्येक जोडीचे गुणोत्तर आणि वेग यांचा तक्ता घरीच तयार करून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, आणि प्रत्येक जोडीला लागणारी चेन कापून, मोजून, खूण करून ठेवावी. मिठावर गुडघे टेकून, चकाकणाऱ्या उन्हात डोळे बारीक करून कड्या मोजण्याची वेळ येऊ नये.

टायर नवे असावेत आणि त्यांच्यावरील वेगाचे अक्षर विक्रमाच्या आकड्यापेक्षा वरचे असावे: एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. व्हॉल्व्हवर धातूची टोपी रबरासह लावावी, कारण त्या वेगाला बाहेर फेकणाऱ्या ओढीने व्हॉल्व्हची सुई सैल होऊ शकते.

इंजिनाबद्दल थोडेच सांगतो. मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फुटांवर आहे आणि ऑगस्टच्या दुपारी हवेची घनता समुद्रकाठच्या मानाने पाचव्या हिश्श्याने कमी असते. तेवढी शक्ती कमी होईल आणि हवेचा विरोधही त्याच प्रमाणात कमी होईल. कार्ब्युरेटर असेल तर लहान जेटांचा (इंधन मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या तुकड्यांचा) संच न्यावा आणि प्लगचा रंग पाहूनच पुढचा बदल करावा. चेन्नईत घडलेल्या रॉयल एनफील्डच्या ६५० सीसी कॉन्टिनेन्टल जीटीवर आधारलेली गाडी २०१८ मध्ये केयला रिवास या अठरा वर्षांच्या तरुणीने येथे ताशी १५० मैलांच्या पुढे नेली. आपल्याकडच्या रस्त्यावर रोज दिसणाऱ्या इंजिनातून काय निघू शकते याचा हा उत्तम नमुना आहे.

तपासणीच्या रांगेत लागण्यापूर्वी तीच तपासणी घरी स्वतः करावी, आणि गाडी न घडवलेल्या मित्राकडून एकदा करून घ्यावी. तेलाचा ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टर, ॲक्सलचे नट आणि ब्रेक कॅलिपरचे बोल्ट सेफ्टी वायरने बांधलेले असावेत. बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडून तार ओवताना ती अशा बाजूने न्यावी की बोल्ट सुटायला लागला तर तार ताणली जाऊन त्याला परत आवळेल. उलट्या बाजूने बांधलेली तार दिसायला तशीच दिसते, पण काहीच धरत नाही. स्वाराच्या मनगटाला जोडलेली, स्वार पडताच इंजिन बंद करणारी दोरी प्रत्यक्ष ओढून तपासावी. थ्रॉटल सोडताच आपोआप मिटतो का, चेनचे कवच भक्कम आहे का, इंधनाचा कॉक हाताच्या टप्प्यात आहे का हेही पाहावे. पेट्रोलच्या वर्गात इंधन आयोजकांकडून घेऊन टाकीला सील लावले जाते, म्हणून टाकीचे झाकण सील बसेल असेच करून घ्यावे.

स्वारानेही तयारी करावी. एकसंध चामडी पोशाख, पाठीचा संरक्षक, नियमांत बसणारे पूर्ण हेल्मेट, उंच बूट आणि हातमोजे घालून घरी अर्धा तास गाडीवर वाकून बसावे. मान आखडते का ते तेथेच कळते. नव्या स्वाराला एकदम पूर्ण वेगाची परवानगी मिळत नाही, टप्प्याटप्प्याने परवाना वाढतो, आणि त्या धावांसाठी आठवड्यातले दिवस आधीच राखून ठेवावेत. मोजणीचा मैल संपल्यावर एकदम ताठ बसू नये आणि पुढचा ब्रेक दाबू नये, थ्रॉटल हळूहळू सोडत वेग उतरू द्यावा, हे पाठ करून घ्यावे.

सामानात गाडीखाली अंथरायची ताडपत्री, भरपूर पिण्याचे पाणी आणि मीठ धुवायला वेगळे गोडे पाणी असावे. ऊन खालूनही परतते, म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही सनस्क्रीन लावावे. पहिल्या धावेनंतर आमच्या गाडीच्या पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरात ओले मीठ सिमेंटसारखे थापले गेले होते आणि चेन त्यावर घासत होती. तेव्हापासून प्रत्येक धावेनंतर ते कव्हर काढणे यादीत आहे. पावसाचा अंदाजही यादीत असावा: २०१४, २०१५ आणि २०२२ मध्ये मैदान धावण्याजोगे नसल्याने स्पीड वीक रद्द झाला होता, म्हणून परत मिळणारी तिकिटेच काढावीत.

राखीव आवारात काम करण्याची मुभा ठरावीक वेळापुरतीच असते. तेथे काय तपासायचे याचा क्रम आधीच लिहून ठेवावा: चेन, तार, टायरचा दाब, प्लग, तेल. जेट किंवा गिअरिंग त्या रात्री बदलू नये. प्रत्येक धावेची वेळेची चिठ्ठी वहीत चिकटवून सरासरी स्वतः काढावी. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांनी १९२० च्या इंडियन स्काउट मोटरसायकलवर वर्षानुवर्षे खपून, पिस्टनसुद्धा स्वतः ओतून, १९६७ मध्ये येथे १,००० सीसीच्या वर्गात विक्रम केला, तेव्हा त्यांची सरासरी ताशी १८३.५९ मैल नोंदली गेली. ती बेरीज चुकलेली होती. त्यांच्या मुलाने चूक दाखवून दिल्यावर २०१४ मध्ये अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने आकडा १८४.०८७ असा दुरुस्त केला, आणि तोवर मन्रो जाऊन ३६ वर्षे झाली होती.