बाल्साचं विमान : किटचा डबा फोडायच्या आधी

बाल्सा या हलक्या लाकडाचे तुकडे जोडून बनवायच्या रिमोटवाल्या विमानाचा डबा घरी आला की पहिला हात कटरकडे जातो. माझाही गेला होता, त्याच रात्री डायनिंग टेबलावर विंग चिकटवायला बसलो. सनमायका एकदम सपाट दिसतो हो, पण टेबल मधोमध दोन-तीन मिलिमीटर खचलेलं होतं, तो खड्डा जसाच्या तसा विंगमधे उतरला, विंगला पीळ बसला आणि विमान पहिल्याच फेरीत डावीकडे लोळून पडलं. म्हणून यादीत पहिलं नाव फळीचं. सुताराकडे फ्लश डोअरचा उरलेला तुकडा मिळतो, विंगच्या एका बाजूपेक्षा वीतभर लांब घ्या, त्यावर दोरा आडवा, उभा, तिरका ताणून बघा, दोऱ्याखाली कुठेही फट दिसली तर सरळ परत करा, लाजू नका. वर सॉफ्टबोर्ड, म्हणजे टाचण्या रुततात, त्यावर प्लॅन, म्हणजे किटमधला खऱ्या मापाचा नकाशा, आणि प्लॅनवर पारदर्शक प्लास्टिक, नाहीतर विंगच्या रिब, म्हणजे आतल्या फासळ्या, प्लॅनलाच चिकटून बसतात. प्लॅनची आधी झेरॉक्स काढा, फोर्टात मोठ्या साइजची निघते, फक्त झेरॉक्समधे माप किंचित सरकू शकतं तेव्हा ओरिजिनल शेजारी ठेवून ताडून बघायचं.

आता ही फळी तीन-चार आठवडे हलणार नाही, तर ती ठेवणार कुठे? मुंबईत हा प्रश्न विमानापेक्षा मोठा. माझी दिवाणवर असते आणि मी खाली गादी टाकून झोपतो, घरच्यांशी हे आधीच बोलून घेतलेलं बरं. गणपतीच्या तोंडावर तर काही सुरूच करू नका, पाहुणे असतात ते वेगळंच, पण हवेतली ओल बाल्सा पिऊन घेतो, पट्ट्या वाकतात. मी दसऱ्यानंतर बसतो, तोवर लाकूड घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट.

लाकडाची निवड मात्र पावसातही करता येते. बाल्सा मुख्यतः इक्वाडोरहून येतो आणि एकाच मापाच्या दोन पट्ट्यांच्या वजनात दुपटीचा फरक निघू शकतो. किचनचा डिजिटल काटा घ्या, प्रत्येक शीट तोला, पेन्सिलने वजन लिहा. जड आणि कडक ते विंगच्या मुख्य पट्टीला म्हणजे स्पारला, सगळ्यात हलकं ते शेपटीला, कारण शेपूट विंगपासून लांब असते, तिथले जास्तीचे दहा ग्रॅम सावरायला नाकात वीस-तीस ग्रॅम शिसं कोंबावं लागतं. लेझर कटचे तुकडे शीटमधून काढण्याआधी त्यांच्यावर नंबर टाका आणि दाबून काढू नका, जोड ब्लेडने कापा. काढलेले तुकडे ठेवताना पंखा बंद. माझी दीड मिलिमीटर जाडीची एक रिब उडून कपाटामागे गेली ती रंगकामाच्या वेळी सापडली.

गोंदात पातळ सायनो म्हणजे झटपट चिकटणारा सुपरग्लू, जाड सायनो, फेविकॉल आणि मोटर बसते त्या प्लायसाठी इपॉक्सी, म्हणजे दोन ट्यूब मिसळून लावायचा गोंद. सायनो ओलाव्यानेच सुकतो, त्यामुळे आपल्या हवेत उघडी बाटली लवकर दगड होते, छोट्या बाटल्या घ्या. सुती कपड्यावर सांडला तर तो कपडा चटका बसेल इतका तापतो, तेव्हा पुसायला जुनी बनियन नको. बोटं चिकटली तर नेलपॉलिश रिमूव्हर. अकरा नंबरची ब्लेडं डझनभर, कारण बोथट ब्लेड बाल्सा कापत नाही, चुरगाळतं. पॉलिशपेपर २२० आणि ४००, लाकडी ठोकळ्याला चिकटवून, तोंडाला मास्क. सांगाड्यावर चढवायची प्लास्टिकची फिल्म बसवायला छोटी इस्त्री, तळाला जुना सुती मोजा चढवून, म्हणजे ओरखडे येत नाहीत.

मोटर आणि सर्वो, म्हणजे शेपटीच्या-विंगच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी, आधी घ्या कारण खाचा त्यांच्या मापाने होतात. सोल्डर, कनेक्टर, हीटश्रिंक लॅमिंग्टन रोडला एका फेरीत होतं. लिपो म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी मात्र शेवटी, ती नुसती पडूनही म्हातारी होते, आणि ठेवायचीच तर सेलमागे ३.८ व्होल्टवर, फुल ४.२ वर नाही. तोवर तिच्या वजनाइतकी मिठाची पुडी नाकात ठेवून बॅलन्स बघा, प्लॅनवर खूण असतेच, बहुतेक ट्रेनरला, म्हणजे शिकाऊ विमानाला, ती विंगच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांशात येते. घरात मोटर फिरवताना प्रोपेलर काढलेलाच हवा, याला अपवाद नाही.

आणि उडवणार कुठे हे डबा फोडायच्या आधी ठरवा. शिवाजी पार्क विसरा. मुंबई पोलिसांचे ड्रोन, पॅराग्लायडर, रिमोटवाली छोटी विमानं यांच्यावर बंदीचे आदेश अधूनमधून निघत असतात, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या आजूबाजूचा मोठा भाग रेड नाहीतर यलो झोनमधे जातो, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येत नाही. नवी मुंबईचा विमानतळ झाल्यापासून पनवेलच्या बाजूलाही तेच, त्यामुळे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटवरचा नकाशा दर वेळी नव्याने बघायचा. म्हणजे लांब जाणं आलं, लोकलने, लगेजच्या डब्यातून, माशांच्या टोपल्यांशेजारी उभं राहून, म्हणून विंग मधोमध सुटी होणारी असलेलीच किट घ्या आणि त्याआधी टेप घेऊन बिल्डिंगच्या लिफ्टची तिरकी लांबी मोजा, आमच्या लिफ्टमधे दीड मीटरची विंग मावते पण मग मी मावत नाही.