मेलबर्नहून मुंबई नक्की किती लांब?

मेलबर्नला नवीन आलात की घरच्यांचा ठरलेला प्रश्न येतो, "विमानाने किती तास?" मुंबई-मेलबर्न सरळ अंतर सुमारे 9,800 किलोमीटर, आणि विनाथांबा विमान मिळालं तर साधारण 12 तास. आईबाबांना एवढं सांगितलं तरी पुरे. स्वतः मात्र दारापासून दारापर्यंतचा हिशोब धरा. मध्ये थांबा असला की तो चोवीस तासांच्या आसपास जातो. घर पुण्या-नाशकाला असेल तर रस्त्याचे चार-पाच तास आणखी.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, तिथे बरेच जण फसतात. समजा, जुलैत रात्री 11 ला मुंबई सोडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी 3:30 ला इथे उतरलात. दिसायला साडेसोळा तास. पण मेलबर्नचं घड्याळ भारताच्या साडेचार तास पुढे, म्हणजे प्रवास 12 तासांचाच. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत हाच फरक साडेपाच तासांचा होतो. घरी फोन करतानाही हे लक्षात असू द्या. परतीला एखादा तास जास्तच लागतो, कारण वारे पश्चिमेकडून वाहतात आणि विमान त्यांच्या तोंडावर जातं.

थांबा निवडताना भाड्याआधी नकाशा बघा. सिंगापूर जवळजवळ वाटेतच आहे: मुंबई-सिंगापूर 3,900 किलोमीटर, पुढे मेलबर्न 6,000. वाकडी वाट अशी नाहीच. दुबईमार्गे गेलात तर आधी 1,900 किलोमीटर उलट्या दिशेला, मग 11,600 परत. थोडे पैसे वाचतील, पण साठीच्या पुढच्या माणसांना त्या वाटेने आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी व्हीलचेअर हवी, हे तिकीट काढतानाच सांगून ठेवा. चालता येत असलं तरी. मोठ्या विमानतळावर गेट शोधण्यातच माणूस दमतो.

दोन वेगवेगळी तिकिटं जोडून स्वस्तात जमवायच्या फंदात पडू नका. सामान मध्ये उतरवून घ्यावं लागलं तर त्या देशाचा व्हिसा लागू शकतो, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी हात वर करते.

घरून अचानक बोलावणं येतं, तेव्हा या अंतराची खरी जाणीव होते. रात्री फोन आला आणि सकाळी निघालात, तरी पोहोचायला दुसरा दिवस उजाडतो. तयारी आधीच हवी: पासपोर्टची मुदत बघून ठेवा. पीआर (ऑस्ट्रेलियात कायमचं राहण्याची परवानगी) असेल तर त्यावरची प्रवासाची मुभा पाच वर्षांची असते, ती संपली की परत येण्यासाठी वेगळा व्हिसा लागतो. डिसेंबर-जानेवारीत शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हा भाडं ऐकून घाम फुटेल.

येताना डब्यातले लाडू, मेथीदाणे, मसाले ऑस्ट्रेलियात शिरताना भरायच्या कार्डावर जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर टाकून देतात. लपवलेली सापडली तर जबर दंड.

मेलबर्नच्या तुलामरीन विमानतळावर ट्रेन नाही. स्कायबस या विमानतळाच्या बसने शहरातलं सदर्न क्रॉस स्टेशन गाठा. सिडनीला उतरून पुढे स्वस्त विमानाने येणार असाल, तर तिकिटावरचं विमानतळाचं नाव नीट वाचा. अ‍ॅव्हलॉन असेल तर तुम्ही गिलाँगच्या बाजूला, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर उतराल.