पडलेल्या फांदीवरची आमरी वाचवताना या चुका टाळा

वळवाच्या वाऱ्यात आंब्या-फणसाच्या फांद्या मोडतात आणि त्यांच्यावरची सीतेची वेणी, डेंड्रोबियम अशा आमऱ्याही (ऑर्किड) खाली येतात. त्या उचलायलाच हव्यात; पण खरं नुकसान बऱ्याचदा त्यानंतर होतं.

सर्रास दिसणारी चूक म्हणजे कुंडीत माती घालून रोप लावणं. झाडावरच्या आमरीची मुळं जाड, स्पंजासारखी असतात. पावसाचं, धुक्याचं पाणी ती झटकन शोषतात आणि मग त्यांना वारा लागतो. ओल्या मातीत ती कुजतात. पांढरी दिसतात म्हणून मुळं छाटूही नका. पाणी शिंपडा, हिरवट झाली तर जिवंत आहेत. तपकिरी, लिबलिबीत झालेली, दाबल्यावर साल निसटणारी मुळं तेवढी स्वच्छ ब्लेडने काढा.

मग आमरी बांधायची, शक्यतो जवळच्याच झाडावर. ऐन, आंबा, फणस, खडबडीत सालीचं कुठलंही चालेल. निलगिरी, पेरू नको, त्यांची साल सोलवटते. सुतळी किंवा सुती चिंधी वापरा. ती कुजेपर्यंत मुळांनी पकड घेतलेली असते. तार आणि नायलॉन काचतात. आमरीचा बुंधा हलता कामा नये, नाहीतर मुळांची कोवळी टोकं घासून मोडतात. वर शेण-माती थापायचा मोह अनेकांना होतो. का, देव जाणे! जूनच्या सुरुवातीला बांधलं की पुढचं पाऊस बघतो.

पानं नाहीत म्हणून फेकू नका. डेंड्रोबियम बार्बेटुलम कोरड्या दिवसांत पानं गाळतं आणि निष्पर्ण खोडांवरच फुलतं. तेव्हा भरमसाट पाणी घातलं तर उलट सडतं.

आमरीला बांडगूळ समजून खरवडणारेही आहेत. बांडगूळ झाडात मुळं घुसवून रस ओढतं, आमरी सालीला नुसती धरून असते.

उभ्या झाडावरची आमरी मात्र ‘वाचवायला’ म्हणून काढू नका. तिचं बी धुळीइतकं बारीक, आत अन्नसाठा जवळजवळ नाहीच. ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. त्यामुळे फुलणारं एक रोप उचललं की तिथे दुसरं उभं राहायला वर्षं जातात. वनहद्दीत, अभयारण्यात तर पडलेलीलाही परस्पर हात न लावता वनरक्षकाला कळवा. आणि फोटो टाकताना लोकेशन बंद ठेवा, विकणारेही ते बघत असतात.