मंडपात गिटार ॲम्प जोडण्यापूर्वी
जनरेटरवर कार्यक्रम असेल, तर आधी मल्टिमीटरने सॉकेट तपासावे. फेज व न्यूट्रल यांच्यात २०७ ते २५३ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा सतत वरखाली होत असेल, तर वायरमनने जोडण्या पाहिल्याशिवाय ॲम्प लावू नये, कारण थ्री फेजमधले न्यूट्रल सुटले की सॉकेटवर ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो.

ॲम्प, पेडल (गिटारचा आवाज बदलणारी पायाची उपकरणे) आणि मिक्सर यांना एकाच बोर्डावरून वीज द्यावी, दिव्यांचे डिमर वेगळ्या फेजवर ठेवावेत. तरीही घूं असा आवाज आला, तर गिटारचा व्हॉल्यूम शून्य करावा. आवाज थांबल्यास तो बहुधा पिकअपमधून (गिटारवरच्या, तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकीय भागातून) येत असतो आणि सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा पिकअप असलेली) गिटार घेऊन जागच्या जागी थोडे वळले तरी कमी होतो. मिक्सरची केबल जोडल्यावरच तो येत असेल, तर डीआय बॉक्सवरचा (गिटारचा सिग्नल मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नल केबलची ग्राउंड जोडणी तोडणारा स्विच, वापरावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. ती काढलेली असेल आणि गिटारच्या तारांवर हात असताना ओठ माइकला लागला, तर झटका जीवघेणा ठरू शकतो.